पडद्यापलीकडचा वर्ग
पाचवी ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन कसे शिकवावे?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे तो विषय आता जुना झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. कोरोनाची साथ ओसरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या, मग ऑनलाइन वर्गाची चर्चा आता कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु आपण रत्नागिरीचे रहिवासी आहोत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात हवामान खात्याचा 'रेड अलर्ट' आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. अशी सुट्टी कधी एक दिवसाची, तर कधी लागोपाठ दोन-तीन दिवसांची असते. कोणी मूल कावीळ-टायफॉइडने पंधरा दिवस अंथरुणावर असते. कोणाचे कुटुंब महिनाभर मुंबईला जाते. या सर्व प्रसंगी मुलाच्या हाती मोबाइल असतोच, फक्त त्यात शिक्षक नसतो. म्हणजे ऑनलाइन शिक्षण बंद पडलेले नाही. ते चालूच आहे, पण कोणाच्याही देखरेखीशिवाय. म्हणून या प्रश्नाचा विचार शांतपणे आणि आताच करणे इष्ट आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. घरी बसलेल्या मुलाला दुरून शिकवण्याची कल्पना काही २०२० साली जन्मास आली नाही. १९३७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली आणि सप्टेंबरात शाळा उघडता येईनात. तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी रेडिओवरून पाठ प्रसारित केले. पाठ सुमारे पंधरा मिनिटांचे असत. वेळापत्रक आणि मुलांनी करावयाचा अभ्यास वर्तमानपत्रांत छापून येई, आणि पालकांच्या शंकांसाठी टेलिफोनवर शिक्षक बसवलेले असत. पुढे १९५१ साली ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज येथे रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवरच्या एकाकी वस्तीतील मूल या शाळेत शिक्षकांशी उलट बोलू शकत असे, हे तिचे वैशिष्ट्य. आपल्या देशातही १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्यात आले होते.

या साऱ्या प्रयोगांतून घेण्यासारखा बोध असा की, पाठ लहान हवा, मुलाच्या हाती कागदावरचे काम हवे, आणि त्याला उलट बोलता आले पाहिजे. यंत्रे बदलली, तरी हे तीन नियम बदलले नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शासनाने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम हाती घेतला. जूनमध्ये नवे वर्ष सुरू होते न होते तोच, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. ज्या गावात दिवा लागत नाही तेथे मोबाइल तरी कोठून चालणार? पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्या पुरात मुलांच्या वह्या-पुस्तकांबरोबर घरातला एकुलता एक मोबाइलही गेला. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून काही दिवस भरले, पुन्हा बंद पडले, आणि ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा खंड पडला. म्हणजे २०२० च्या जूनमध्ये पाचवीत गेलेले मूल सातवीत पोहोचेपर्यंत वर्गात फारच थोडे बसले.

या काळात काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. काही मुलगे वडिलांबरोबर होडीवर जाऊ लागले आणि पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत. काही मुली घरकामात अडकल्या. जी मुले परत आली त्यांतील कित्येकांना सातवीत असूनही चौथीचा उतारा अडखळत वाचावा लागत होता. हे नुकसान केवळ मोबाइल नसल्यामुळे झाले, असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी मोबाइल होता अशीही अनेक मुले मागे पडली. याचे कारण असे की, वर्गातला पंचेचाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा उचलून पडद्यावर ठेवण्याची पद्धत सर्वत्र पडली होती. शिक्षक बोलत होते, मुले ऐकत असावीत असे गृहीत धरले जात होते, आणि तास संपत होता.

पाचवी ते आठवीचे मूल म्हणजे दहा ते चौदा वर्षांचे मूल. हे वय मोठे नाजूक आहे. पहिली-दुसरीचे मूल आईच्या मांडीवर बसून मोबाइल पाहते, आई त्याचे बोट धरते. दहावीच्या मुलाला परीक्षेचा धाक असतो. मधल्या या मुलाला आई जवळ बसलेली नको असते आणि परीक्षेचा धाकही नसतो. मुलाचा आवाज फुटू लागतो, म्हणून तो माइक उघडत नाही. मागे लहान भाऊ रडत असतो, कोंबडी ओरडत असते, घराच्या भिंतीचा गिलावा उडालेला असतो. हे वर्गमित्रांना दिसेल म्हणून मुलगी कॅमेरा लावत नाही. शिक्षकाला वाटते, मूल टाळाटाळ करते आहे. वस्तुतः ते संकोचत असते. त्यातच याच वयात अभ्यास अवघड होऊ लागतो. सहावीत उणे संख्या येतात, समीकरणे येतात. हाताने मोजता येत नाही अशा गोष्टी प्रथमच समोर येतात. ज्या वयात शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, त्याच वयात मूल पडद्याआड लपते.

तेव्हा या मुलांना ऑनलाइन शिकवायचे असेल तर काय करावे? काही गोष्टी मी क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, पाठ लहान करावा. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे असावीत, असे म्हटले होते. यापेक्षा अधिक वेळ मुलाला पडद्यासमोर बसवू नये. त्या अर्ध्या तासाचेही भाग पाडावेत. पाच मिनिटे मागील पाठावरचे तीन प्रश्न, दहा मिनिटे नवा मुद्दा, दहा मिनिटे मुलांनी वहीत करावयाचे काम आणि पाच मिनिटे त्या कामाची चर्चा, असा हिशेब ठेवला तर मूल टिकते. एका तासाला एकच मुद्दा घ्यावा. उरलेला मुद्दा उद्या घेता येतो, पण उडालेले लक्ष परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट, आधी कागद आणि मग पडदा. आदल्या सायंकाळी मुलांना एक पान वाचायला आणि एक प्रश्न सोडवायला द्यावा. पाठ्यपुस्तक तर प्रत्येकाजवळ असतेच. नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांची पुस्तके विनामूल्य मिळतात. पुस्तकांतील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की 'दीक्षा' ॲपवरील त्या धड्याचे साहित्य उघडते. याच क्यूआर कोडच्या वापरासाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. त्यांची शाळा काही मोठ्या शहरातील नव्हती, हे आपण लक्षात ठेवावे. मुलाने घरी वाचून आणलेले असले की प्रत्यक्ष तासाचा मोलाचा वेळ बोलण्यासाठी मोकळा राहतो.

तिसरी गोष्ट, नाव घेऊन विचारावे. 'समजले का?' हा प्रश्न ऑनलाइन वर्गात विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो सर' असेच येते. त्याऐवजी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहावे आणि वही कॅमेऱ्यासमोर धरावी, असे सांगावे. मुलाचा चेहरा दिसलाच पाहिजे असा आग्रह नको, वही दिसली तरी पुरे. यामुळे संकोची मुलीचीही अडचण राहत नाही आणि शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कोण कोठे अडले ते कळते. साठ मुलांच्या वर्गाला हे जमत नाही. त्यासाठी दहा-बारा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे द्यावीत. साठ मुलांना दिलेल्या रोजच्या तासापेक्षा ही वीस मिनिटे अधिक फळ देतात. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहावे. पडद्यावर ही शांतता फार मोठी वाटते, परंतु मुलाला माइक उघडून शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

चौथी गोष्ट, आवाजाचा उपयोग करावा. चित्राला डेटा फार लागतो, आवाजाला थोडा. ज्या गावात रेंज येते-जाते तेथे व्हॉट्सॲपवरचा दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश कसाही पोहोचतोच. भाषाविषयांना तर हे मोठे वरदान आहे. आपल्या घरांत कोकणी बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि पुस्तकात इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तीन-चार भाषांची वाट असते. उर्दू लिपीत 'ळ' आणि 'ण' ही अक्षरे नाहीत, त्यामुळे उर्दू माध्यमाची मुले मराठी वाचताना आणि लिहिताना तेथे चुकतात. वर्गात चाळीस मुलांचे वाचन एका तासात ऐकणे अशक्य असते. पण प्रत्येक मुलाने आठ ओळींचा उतारा मोठ्याने वाचून पाठवला तर शिक्षक ते वाचन सवडीने ऐकू शकतात आणि त्या एकट्या मुलाला 'बाळ' असा उच्चार करून पाठवू शकतात. चारचौघांत हसे होत नाही. मुलगा स्वतःचाच आवाज ऐकतो, न आवडल्यास पुन्हा वाचतो, आणि या पुन्हा वाचण्यातच त्याचा अभ्यास होतो. वर्गात जे साधत नाही ते येथे साधते, म्हणून शाळा नियमित चालू असतानाही ही सवय चालू ठेवण्यासारखी आहे.

पाचवी गोष्ट, घर आणि परिसर हीच प्रयोगशाळा करावी. मूल घरी आहे ही अडचण न मानता तिचा लाभ घ्यावा. याची तीन उदाहरणे देतो.

सहावीच्या उणे संख्या घ्या. समुद्राची पातळी शून्य माना. जाळे पाण्याखाली १२ मीटर सोडले म्हणजे उणे १२. ते ५ मीटर वर ओढले, आता कोठे आले? उणे ७ वर. हे मिरकरवाड्याच्या किंवा राजिवड्याच्या मुलाला फळ्यावरच्या रेषेपेक्षा लवकर कळते, कारण त्याने जाळे ओढताना पाहिले आहे.

दुसरे उदाहरण पावसाच्या सुट्टीचे. सरळ बाजूंचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्यातील पाणी पट्टीने मोजावे. हवामान खातेही दिवसाच्या पावसाची मोजणी सकाळी साडेआठलाच करते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. मग पन्नास चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पावसाचे किती पाणी पडले? पाच हजार लिटर. एवढे पाणी आपल्या छपरावरून वाहून जाते आणि एप्रिल-मे मध्ये आपणच टँकरची वाट पाहतो, हे त्या मुलाच्या ध्यानात आले की गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही तास एकदमच झाले. आठवडाभराच्या नोंदींची सरासरी काढायला लावली तर सातवीची सांख्यिकीही आली.

तिसरे उदाहरण इतिहासाचे. आठवीला ब्रिटिश सत्तेच्या विस्ताराबद्दल शिकवताना आपल्या गावच्या थिबा राजवाड्याची आठवण व्हायलाच हवी. १८८५ च्या युद्धात ब्रह्मदेशाचे राज्य गेले, तेथील शेवटचा राजा थिबा यास १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले, त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये त्याचा येथेच अंत झाला. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आजोबांना किंवा दादीला या राजाबद्दल काय ऐकून माहीत आहे? त्यांचे बोलणे टिपून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी गटात सांगावे. ऐकीव गोष्ट कोणती आणि पुराव्याची कोणती, याची निवड मुलांकडूनच करून घ्यावी. इतिहासाचा खरा अभ्यास तो हाच.

सहावी गोष्ट, तपासणी त्याच दिवशी व्हावी. मुलाने वहीचा फोटो पाठवला आणि आठ दिवस कोणी पाहिला नाही, तर नवव्या दिवशी तो पाठवत नाही. प्रत्येक वहीवर लांबलचक शेरे लिहिण्याची गरज नाही. 'तिसरे उदाहरण पुन्हा पाहा, हातचा राहिला', एवढी एक ओळ पुरे. अनेकांची चूक सारखीच असेल तर सर्वांसाठी तीन मिनिटांचा एक ध्वनिसंदेश करावा. शिक्षकाने आपले काम पाहिले, ही जाणीव या वयाच्या मुलाला बक्षिसापेक्षा मोठी असते.

येथवर मी शिक्षकांच्या कर्तव्याबद्दल बोललो. परंतु सर्वांत कठीण प्रश्न पुढेच आहे. ज्याच्या हाती मोबाइल नाही त्या मुलाचे काय?

'असर' या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. आकडा ऐकून समाधान वाटते. पण त्याच पाहणीत असेही आढळले की, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वस्त्यांत हे डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तोवर वडील घरी आणि फोनही घरी. ऑगस्टात होड्या सुटल्या की वडिलांबरोबर फोन समुद्रावर जातो. घरात तीन भावंडे शिकणारी असली तर फोन दहावीच्या भावाला मिळतो, सहावीतल्या बहिणीची पाळी शेवटी येते, आणि ती येईपर्यंत तास संपलेला असतो.

यावर उपाय आहेत. तासाची वेळ घरातील फोनच्या वेळेप्रमाणे ठरवावी. मगरिबनंतर मुले मकतबात जातात, तेव्हा ती वेळ टाळावी. वडील कामावरून परतल्यावर सायंकाळी किंवा इशानंतरचा अर्धा तास कित्येक घरांना सोयीचा पडतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा चार-पाच मुलांना एकत्र कॉल जोडून शिकवता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. शेजारच्या दोन-तीन मुलांनी एका फोनवर बसावे, अशी जोडणी शिक्षकांनी करून द्यावी. आणि ज्याला यातले काहीच शक्य नाही त्याच्यासाठी कागद आहे. आठवड्याचा छापील अभ्यास वाडीतील दुकानात किंवा मशिदीच्या ओट्यावर ठेवावा, मुलाने तो न्यावा आणि पुरा करून तेथेच परत ठेवावा. यात कमीपणा नाही. शिकागोच्या मुलांनीही वर्तमानपत्रातील कागदावरच अभ्यास केला होता.

मुलींच्या बाबतीत मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. 'मुलीच्या हाती मोबाइल नको', असे म्हणणारे पालक आपल्यात आहेत. त्यांची काळजी मी समजू शकतो. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि तो कोठे जाईल याचा भरवसा नसतो. परंतु या काळजीवरचा उपाय मुलीचे शिक्षण बंद करणे हा नव्हे. गटात मुलीचा नंबर न देता आईचा किंवा वडिलांचा नंबर द्यावा. गटात संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त शिक्षकांकडे ठेवावा. वर्गाचा दुवा बाहेर कोणाला पाठवू नये आणि अनोळखी नाव आत येऊ लागले तर शिक्षकांनी प्रवेश देऊ नये. शिक्षकाने विद्यार्थिनीला रात्री-अपरात्री स्वतंत्र संदेश पाठवू नये. जे सांगायचे ते पालकांच्या नंबरवर सांगावे. हे नियम शाळेने लेखी ठरवून पालकांना कळवले तर पालकांचा विश्वास बसतो आणि मुलगी वर्गात राहते. आपल्या धर्माचा पहिला संदेशच 'इक्रा', म्हणजे वाच, असा आहे. त्या आज्ञेत मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाही.

आता पालकांना दोन शब्द. मुलासमोर पहारेकऱ्यासारखे बसून राहण्याची आवश्यकता नाही. तीन गोष्टी मात्र अवश्य कराव्यात. मुलाने अभ्यास कोठे बसून करावा ती जागा ठरवून द्यावी, आणि ती सर्वांच्या नजरेसमोरची असावी. बंद खोलीत या वयाच्या मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये. तास संपला की फोन परत घ्यावा आणि रात्री तो मुलाच्या उशाशी राहू देऊ नये. तिसरी गोष्ट, रोज एकच प्रश्न विचारावा, 'आज काय शिकलास ते मला सांग.' आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नसेल तरी चालेल. मूल जेव्हा आपल्या बोलीत आईला धडा समजावून सांगते तेव्हा तो धडा त्याचा होतो. मुलाला न समजलेला भाग सांगता येत नाही, आणि तो कोणता हे त्याला तेथेच कळून येते.

आपल्यातील पुष्कळ वडील कुवेत, कतार, सौदी अरेबिया येथे नोकरीस आहेत. पालक-सभेला आजवर त्यांची खुर्ची रिकामी असे. ऑनलाइन सोयीचा एक मोठा फायदा म्हणजे ते आता सभेला येऊ शकतात. तेथे शुक्रवारी सुट्टी असते आणि त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. शुक्रवारी सायंकाळी अर्ध्या तासाची ऑनलाइन पालक-सभा ठेवली तर परदेशातील बापाला मुलाची प्रगती शिक्षकांच्या तोंडून ऐकता येईल. पैसे पाठवणारा बाप आणि अभ्यास विचारणारा बाप, या दोन्ही भूमिका त्याला पार पाडता येतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्यातील मुरूडचे. शाळकरी वयात सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यापर्यंत, घाट चढून, पायी गेले. सुमारे शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून पोहोचल्यावर, 'वय लहान दिसते', म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ते परतले आणि अभ्यासाला लागले. पुढे १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. कोकणातील मुलाला शिक्षण कधीच उंबऱ्यावर आलेले नाही, त्याला वाट चालावीच लागली आहे. साथीच्या काळात रेंजसाठी डोंगरावर चढून, तेथे झोपडी बांधून अभ्यास करणारी मुलेही याच कोकणातील होती. तुमच्या हातातील फोनमध्ये खेळही आहेत आणि पुस्तकेही आहेत. खेळायला मनाई नाही. पण तास चालू असताना दुसरी खिडकी उघडून खेळणारा मुलगा शिक्षकांना फसवत नसतो. शिक्षकांची आठवी कधीच पास झालेली आहे.

शेवटी, आपल्या संस्थेपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवतो. दर वर्षी मे महिन्यातच पावसाळ्याची योजना तयार असावी. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक कार्ड करावे. त्यात घरी कोणता फोन आहे, तो कोणाजवळ असतो, किती वाजता मोकळा असतो, रेंज कोठे मिळते आणि शेजारी कोणता वर्गमित्र राहतो, एवढी माहिती असावी. या कार्डावरून गट पाडावेत. पहिल्या रेड अलर्टच्या सुट्टीच्या दिवशी प्रत्येक मुलापर्यंत फोन, गट किंवा कागद यांपैकी काही ना काही पोहोचलेच पाहिजे. दुसरी सूचना, वापरात नसलेले पण चालू स्थितीतील मोबाइल गोळा करून संस्थेने एक मोबाइल-पेटी करावी, आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ते मुलांना मुदतीवर द्यावेत. आपल्या घरोघरी असे एक-दोन फोन कपाटात पडून असतात. तिसरी सूचना, मोहल्ल्याच्या जमातीने एखादी खोली सायंकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडी ठेवावी. तेथे वीज आणि इंटरनेट असावे आणि जबाबदार अशी एक वडीलधारी व्यक्ती बसावी. या तिन्ही गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. लागते ती थोडी आस्था आणि सातत्य.

१८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शिक्षणसंस्था सुरू केली, आणि त्या आधीच्या वर्षी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. त्या काळी इंग्रजी शिक्षणाविषयी समाजाच्या मनात भीती होती. तिचे निवारण करायला एक पिढी गेली, आणि त्या विलंबाची किंमत पुढच्या पिढ्यांनी दिली. मोबाइलवरील शिक्षणाविषयी आज आपल्या मनात जी भीती आहे तिचे निवारण करायला आपल्याला एक पिढी थांबता येणार नाही. शाळेची जागा पडदा घेऊ शकत नाही, आणि तो घेईल असे माझे म्हणणेही नाही. फळा, बाक आणि शिक्षकाचा पाठीवरचा हात यांना तोड नाही. पण जेव्हा पाऊस रस्ता अडवेल आणि शाळेचे दार बंद असेल, त्या दिवशी आपल्या सहावीतल्या मुलीची वही कोरी राहू नये, एवढीच आपणा सर्वांकडे माझी मागणी आहे.